माणसाच्या गरजा अमर्याद असतात

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तलवाड्याच्या स्टँडवर, पप्पूच्या हॉटेलासमोर उभा राहून माझ्या आईच्या शिव्या लोकांना ऐकवत होता.

खोटं नाही सांगत. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलमधून आईचा खणखणीत आवाज : "कोण हाय रं तू मुडद्या? रोज रोज फोन करतो! तुझ्या गरजा तुझ्या मायला सांग! हिंमत असंल तर तलवाड्यात ये, ह्या सिंधुबाईच्या समोर उभा ऱ्हा!"

"गावात सिंधुबाई पाच हायत," पप्पू चहा गाळता गाळता म्हणाला, "पण हा आवाज आमच्या आंगणवाडीच्या मॅडमच्या आईचा. काय केलतंस बे तू?"

"मी काहीच नाही केलं हो," तो काकुळतीला आला, "मी फक्त अर्थशास्त्र शिकवत होतो..."

मी नुकतीच गेवराईच्या जीपमधून उतरले होते. काखेत अंगणवाडीची रजिस्टरं, डोक्यावर डिसेंबरचं कोवळं ऊन. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आधी तो मोबाइल बंद करा."

त्यानं वर पाहिलं. घाबरलेले पण हसरे डोळे, आणि कान असे लाल की थंडीनं म्हणावं तर एवढी थंडी नव्हती.

"तुम्ही... आम्रपाली साळवे का?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक माझी होती.

झालं असं होतं. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते. 'करत होते' म्हणजे आठ वर्षं करत होते. सगळे विषय सुटले, एका अर्थशास्त्रानं तेवढं मला दोनदा आपटलं. नोंदणीची मुदत आठच वर्षांची. येत्या मे महिन्यात हा पेपर सुटला नाही तर बाकीचे सगळे सुटलेले पेपरही पाण्यात जाणार होते आणि मला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. मी अंगणवाडी सेविका. मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसायला पदवी लागते. म्हणजे माझं सगळं घोडं त्या एका पेपरात अडलं होतं.

गेवराईच्या अभ्यासकेंद्रानं त्या वर्षी नवीन सोय काढली होती. विद्यापीठाच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. तासाभरात तिकडून फोन येतो आणि सात मिनिटांचा पाठ ऐकू येतो. शेवटी 'टिंग' वाजलं की आपली शंका बोलायची. साध्या बटणाच्या फोनवरही चालतं म्हणून मी नोंदवला आईचा फोन, कारण आमच्या घरात रेंज फक्त त्यालाच येते. आईला सांगायचं मात्र विसरले. मी मिस्ड कॉल देऊन पाणी भरायला जायचे, येईपर्यंत आईनं फोन उचललेला असायचा. आणि एक तरुण पुरुषी आवाज माझ्या आईला सांगत असायचा : "नमस्कार, मी जीवन. माणसाच्या गरजा अमर्याद असतात. एक गरज भागली की लगेच दुसरी निर्माण होते..."

आता सांगा, कोणती आई ऐकून घेईल?

त्याला घरी न्यावंच लागलं. आई दारात शेंगा फोडत बसली होती. त्यानं हेल्मेट काढून "जय भीम, मावशी" म्हटलं आणि सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली.

"म्हंजी मी मशिनीला शिव्या दिल्या?" आईनं विचारलं.

"हो. पण ऐकल्या मी."

"कावून ऐकल्या?"

"माझं कामच ते आहे, मावशी. तीनशे बारा विद्यार्थी आहेत. तीन महिन्यांत शंका किती आल्या, माहितेय? एकोणीस. त्याही 'हॅलो, हॅलो' करून बंद. तुमच्याएवढं मोकळं कुणी बोललंच नाही. म्हटलं, बोलावलंय तर जाऊन यावं."

आईनं मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

"तुम्ही सांगा मॅडम," तो माझ्याकडे वळला, "मुलं शंका का विचारत नाहीत?"

"सांगितलं तर राग येईल."

"मावशींचं ऐकून आलोय. आता राग कसला?"

"सर, तुमच्या पाठातला माणूस कॅफेत बसून सँडविच खातो. आमच्याकडं कॅफे न्हाई अन् सँडविचनं पोट कुणाचं भरतं? अन् तुम्ही बोलता असं की समोर कुणी बसलेलंच नाही."

"खरंच कुणी बसलेलं नसतं हो," तो हळूच म्हणाला, "मी एकटाच कपाटात तोंड घालून रेकॉर्डिंग करतो. आवाज घुमू नये म्हणून."

मला हसू आवरेना. मला वाटतं, तिथंच काहीतरी झालं. मला, म्हणजे.

दर गुरुवारी त्याची सुट्टी. ठरलं असं की दुपारी दोनला मुलं घरी गेली की अंगणवाडीत बसून नवे पाठ करायचे. समोर विद्यार्थी म्हणून मी. आणि दाराशी आई, निवडायला काहीतरी घेऊन. ती कशासाठी बसते हे सगळ्यांना कळत होतं, पण दाखवायचं असं की ऊन लागतं म्हणून बसते.

पहिला पाठ, घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त. नाव ऐकूनच मी दोनदा नापास झाले होते. जीवननं पप्पूकडून गरम भजी आणली. मोबाइल मुलांच्या बुटक्या टेबलावर ठेवला, आत शिरलेल्या कोंबडीला "एक मिनिट हं" म्हणून बाहेर घालवलं आणि सुरुवात केली.

"आम्रपालीताई, पहिलं भजं कसं लागलं?"

"झकास."

"तिसरं?"

"बरं."

"आता हे पाचवं."

"नको, पुरे."

"बघा! वस्तू तीच, पण दर नगाला समाधान कमी होत गेलं."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "पाचवं भजं एखाद्या उपाशी लेकराला द्या, मग बघा त्यालाच कशी चव येती ते."

मी डोक्याला हात लावला. पाठ बिघडला. पण जीवन आईकडे बघतच राहिला, आणि म्हणाला, "हे ठेवू या."

त्या आठवड्यात चाळीस शंका आल्या. बायका विचारत होत्या, गिरणीतला कामगार विचारत होता, कुणीतरी तर फक्त एवढंच म्हणालं होतं की त्या मावशींना अजून बोलू द्या. जीवननं त्या सगळ्या शंका मला ऐकवल्या. ऐकताना तो मोबाइलकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याच्या खालच्या ओठाखाली दाढी करताना झालेली बारीक जखम होती. दर गुरुवारी तिथंच. घाईत आवरून निघत असणार... कुठं यायची घाई, हा विचार मी मुद्दाम अर्ध्यावर सोडून दिला.

पाचव्या गुरुवारी आई पाणी आणायला उठली तेव्हा तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "एक शंका आहे, मॅडम. सलग पाचव्यांदा तोच माणूस आला, तर समाधान घटतं का?"

"सिद्धान्त वस्तूंना लागू होतो, सर. माणसांना नाही."

"म्हणजे घटत नाही?"

"अपवाद पुस्तकात दिलेत. बघा."

त्यानं खरंच पुस्तक उघडलं. "कंजूष, दारुडा आणि नाणी गोळा करणारा. मी ह्यातला कोणता?"

"अजून ठरलं न्हाई," मी म्हटलं आणि रजिस्टरात तोंड खुपसलं.

तेव्हापासून गुरुवार लवकर येईनासा झाला. बुधवारी मी केस धुवायचे आणि आईला सांगायचे की डोकं खाजतंय. तो घाटनांदूरचा. घरचं सांगायचा, बहिणीचं सांगायचा, बोलता बोलता 'गेलतो', 'आलतो' अशी त्याची गावची भाषा बाहेर पडायची आणि मग तो एकदम सावरून 'गेलो होतो' म्हणायचा. मला तो न सावरलेलाच आवडायचा.

एप्रिलमध्ये मी सराव परीक्षेचा पेपर सोडवला. शंभरपैकी एकतीस.

उत्तरपत्रिका समोर घेऊन मी बराच वेळ बसले. बाहेरच्या लिंबाला मोहोर आला होता, त्याचा कडवट गोड वास येत होता, आणि मला रडूही येईना. भजीचा सिद्धान्त तेवढा तोंडपाठ होता. बाकी वीस प्रकरणं कुठं गेली? ती गुरुवारांत गेली. मला सगळं माहीत होतं. तो समोर बसला की मी अर्थशास्त्र ऐकतच नव्हते, त्याला ऐकत होते.

गुरुवारी तो आला तेव्हा मी त्याला आत येऊ दिलं नाही. दारातच पेपर हातात दिला.

"निकाल लागेपर्यंत येऊ नका, सर."

त्यानं गुण पाहिले. "मी शिकवण्यात कमी पडलो."

"तुम्ही न्हाई पडलात. तुम्ही इथं असलात की माझं चित्त थाऱ्यावर राहत न्हाई." बोलून गेले. आता मागे घेता येणार नव्हतं, म्हणून आणखी पुढे गेले. "अन् नापास झाले तर निकालानंतरही येऊ नका. आठ वर्षं झाली. मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटंल."

तो काहीतरी बोलेल, थांबेल, निदान वाद घालेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं पेपराची नीट घडी केली, मला परत दिला आणि म्हणाला, "बरं."

नुसतं 'बरं'! त्या एका शब्दावर मी आठ दिवस चिडून अभ्यास केला.

पाठ मात्र येत होते. मी मिस्ड कॉल द्यायचे, फोन यायचा, त्याचा आवाज यायचा. पण तो आवाज तीनशे बारा जणांसाठी होता. मी शंका विचारायचे, उत्तर यायचं : "गेवराई तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय..." एक विद्यार्थिनी! आवाजात कुठं जराशी ओल सापडते का म्हणून मी तोच पाठ तीन तीनदा ऐकायचे. ओल सापडली नाही, पण पाठ पक्का होत गेला. मला तो हवा होता. आवाज नको, तो. आणि तरी मी एकदाही बोलावलं नाही, कारण पेपरही मलाच द्यायचा होता.

मे महिन्यात बीडला जाऊन पेपर दिला. घाम पुसत पुसत तीन तास लिहिलं. कसा गेला असं आईनं विचारलं तर मी म्हटलं, "लिहिला."

निकाल जूनच्या एका मंगळवारी दुपारी बाराला लागणार होता. मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. अकरा वाजले असतील. बाहेर गाडी थांबली. खिडकीतून हेल्मेट दिसलं आणि माझ्या हातातली पळी भांड्यातच राहिली.

तो दारात उभा होता. वाळला होता जरा.

"निकाल लागला?" मी विचारलं.

"नाही. अजून तास आहे."

"मग कावून आलात? मी काय सांगितलं होतं?"

"म्हणूनच आलो." तो एक एक शब्द मोजून बोलत होता, पाठ रेकॉर्ड करतो तसा नाही, अगदी घाबरून. "तुम्ही पास झाल्यावर आलो असतो, तर वाटलं असतं पास झाल्या म्हणून आला. नापास झाल्यावर आलो असतो, तर वाटलं असतं कीव आली म्हणून आला. म्हणून आत्ता विचारतो, काहीच माहीत नसताना. आम्रपाली, मला तुमच्याशी लग्न करायचंय. निकाल काही का लागेना."

पंचवीस पोरं खिचडी खायची थांबून आमच्याकडे बघत होती.

मी काही बोलायच्या आत त्यानं पाठीवरच्या बॅगेतून दोन कागद काढले. विद्यापीठाचे प्रवेश अर्ज. पहिल्यावर माझं नाव, बी.ए. प्रथम वर्ष.

"म्हंजी मी नापास होणार असं धरूनच चाललात?" मी भडकलेच.

"दुसरा बघा."

दुसऱ्यावर त्याचं नाव होतं. तेच वर्ष, तेच विषय. हा एम.ए. झालेला माणूस!

"पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आलीच," तो म्हणाला, "तर ह्या खेपेला एकटीनं करायचं नाही. मीपण बसणार."

काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले मी. "हो," मी म्हटलं. मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हटलं, "हो! करायचंय मला."

पोरांनी कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवल्या.

बाराला निकाल उघडता उघडेना. गोल गोल फिरत राहिलं. सव्वाबाराला आकडा आला. त्रेसष्ट. मी तीनदा वाचला. वर पाहिलं तर रडत होता जीवन, आणि उगाच डोळ्यांत धूर गेल्यासारखं करत होता.

गाडीचा आवाज ऐकूनच आई आली होती. ती दारात सगळं ऐकत उभी होती, हे आम्हाला आत्ता कळलं. तिनं आधी माझ्या गालांवरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग त्याच्या. मग टेबलावरचा दुसरा अर्ज उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"आता हे तू भरणार न्हाईस ना?"

"नाही, मावशी."

"मग वाया कावून घालायचा? सा म्हैने ऐकतीय मी. लई समजाया लागलंय मला." तिनं अर्ज त्याच्यापुढे ठेवला. "माझं नाव घाल."

खाडाखोड केलेला अर्ज विद्यापीठ घेत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यानं स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा चौकोन असतो त्यात खूण केली आणि पेन तयार धरलं. "पूर्ण नाव सांगा."

आई बुटक्या टेबलासमोर मांडी घालून बसली, पदर नीट केला.

"सिंधुबाई ज्ञानोबा साळवे," ती म्हणाली. "शिक्षण सातवी. पुढं आमच्या गावात शाळा न्हवती, तेबी लिव."

त्यासाठी अर्जात जागा नव्हती. जीवननं समासात लिहिलं.