म्हादूच्या झापातली वाफ

बंडू, ती खिडकी लोटून घे आणि नीट मांडी घालून बैस. मधे प्रश्न विचारायचे नाहीत. परवा सुलूने "मग? मग?" करून माझ्या चांगल्या गोष्टीचा विचका केला. आजची ऐकीव नाही. उपेंद्र आमच्याच आळीतला, भोरला डॉक्टरांकडे कंपौंडर. त्याने मला स्वतः सांगितलं, आणि तो काही थापा मारणाऱ्यांतला नव्हे. थापा मारतो तो त्याचा भाऊ.

साल चोपन्न. मार्गशीर्षातली अवस. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला राहणारा म्हादू धनगर सकाळीच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला होता. त्याच्या चार वर्षांच्या ठकीचा घसा धरला होता. श्वास घेताना शिट्टी वाजायची आणि खोकली की कुत्रं भुंकल्यागत आवाज यायचा. डॉक्टर स्वतःच तापाने अंथरुणात. त्यांनी उपेंद्रला जवळ बोलावलं, औषधाची बाटली दिली आणि कपाटातली वाफेची किटली काढायला सांगितलं. पत्र्याची, हातभर लांब नळीची.

डॉक्टरांनी एकेक गोष्ट बजावून सांगितली. पाण्याला मंद उकळी हवी, खळखळा नको. नळीचं तोंड पोरीपासून लांब. मधून मधून नळीपुढे आपला पालथा हात धरून बघायचा. त्याला सोसेल तेवढीच वाफ पोरीला सोसेल. जास्त झाली तर निखारे काढायचे, कमी पडली तर घालायचे. पाणी निम्म्याखाली जाऊ द्यायचं नाही. आणि झोपायचं नाही. उपेंद्र हो म्हणाला. हो म्हणायला काय जातं?

नसरापूरपर्यंत एसटी, पुढे एक मालट्रक मिळाला आणि राहिलेली वाट पायी. चढाला लागल्यावर म्हादू हळूहळू बोलता झाला. गेल्या थंडीत थोरल्या पोराला, गेनूला, हेच दुखणं झालं होतं. डॉक्टर कुठून आणणार? म्हादूच्या आईने, भागूबाईने, तिला ठाऊक होतं ते केलं. कोकरू गारठलं की ही माणसं त्याला घोंगडीखाली घेतात आणि ऊब जाऊ नये म्हणून चारी कडा दाबून टाकतात. म्हातारीने नातवाला तसंच घेतलं. उकळत्या पाण्याचं भगुलं आत, पोर आत, आणि कडांवर दगड. मायेनेच केलं हो. घोंगडी काढली तेव्हा गेनू भाजलेला होता आणि श्वास नव्हता. भागूबाईने अन्न सोडलं, तोंडात नुसती मिशेरी. महिनाभरात तीही गेली.

"तवापास्नं कारभारीण आईचं नाव घेत न्हाई," म्हादू म्हणाला. "पितरात घास बी ठिवू दिला न्हाई."

दिवेलागणीला दोघं झापात पोचले. झाप म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत, एवढंच घर. किटली पाहताच म्हादूची बायको पारूबाई पोरीच्या आडवी झाली. वाफ नको म्हणजे नको. उपेंद्रने तिची किती मनधरणी केली, तिच्या पालथ्या हातावर वाफ धरून दाखवली, तेव्हा कुठे ती बधली. पण अट एकच, घोंगडी बंद करायची नाही. मग उपेंद्रने दोरीवरून घोंगडी सोडून ठकीवर तंबू केला, वरच्या अंगाला वीतभर फट ठेवली आणि किटली बाहेर शेगडीवर ठेवून तिची नळी आत घेतली. लांडग्याची भीती होती म्हणून म्हादू मेंढरांकडे गेला.

पहिला पहारा नीट गेला. हात धरायचा, निखारा काढायचा, निखारा घालायचा, तांब्याभर पाणी ओतायचं. पोरीची शिट्टी खाली आली. उपेंद्रचं अंग दिवसभराच्या वाटेने आंबून गेलं होतं. मेढीला पाठ टेकून तो जरा बसला, आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. उकळीचा आवाज नव्हता. किटली कोरडी पडून लाल झाली होती, जोडाचा डाख वितळून नळी राखेत गळून पडली होती. पारूबाई त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती. उपेंद्र सांगायचा, त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आत शिट्टी बारीक झाली होती. एक वाजायची... मग वेळ जायचा... मग दुसरी.

"भगुल्यात पाणी ठेवू," उपेंद्र म्हणाला.

"न्हाई."

"मग काय करू, वहिनी?"

शिट्टी थांबली.

आणि घोंगडीच्या आतून आवाज आला. हाऽऽ... लांब. गारठलेल्या हातांवर माणूस फुंकतं, तसा.

फटीतून वाफ येत होती.

उपेंद्रने हात पुढे केला. पालथा. वाफ ओली होती, ऊन होती. अगदी सोसेल एवढीच. तिला मिशेरीचा वास होता.

हाऽऽ...

ठकीने श्वास घेतला.

मग फट लहान होऊ लागली. आतून कुणीतरी घोंगडीची कड खाली ओढत होतं. सावकाश. वीतभर होती... चार बोटं झाली... दोन बोटं...

पारूबाईने कड धरली. पोरीला ओढून बाहेर काढावं, तर बाहेरच्या गारठ्यात ती जाणार. तशीच ठेवावी, तर... तिचे ओठ हलले. वर्षभर सासूचं नाव तिच्या तोंडात आलं नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली. "कोंडू नगा तिला... जरा लांबून."

सगळं थांबलं.

कड सैल झाली. फट उघडली. हाऽऽ... आता हळू, दुरून.

कोंबडा आरवेपर्यंत असंच चाललं. पारूबाई फटीशी पालथा हात धरून बसली होती. वाफ कढत झाली की नुसतं म्हणायची, "लांबून." की ती निवायची. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. उपेंद्रने आत डोकावून पाहिलं नाही. तिनेही नाही. काय पाहणार, आणि कशाला?

उजाडलं तेव्हा शेगडीत राख होती, गार. पारूबाईने घोंगडी बाजूला केली. ठकी एकटीच होती, झोपलेली. केस ओलेचिंब, श्वास मोकळा. शिट्टीचा मागमूस नाही. फक्त कपाळावर भाजल्याचा एक डाग होता. ताजा, लालभडक. झापात अजून अंधुकच होतं, उपेंद्रने चिमणी जवळ नेऊन पाहिला. दोन ओठांचा होता.

ठकी आता दहा वर्षांची आहे, शेळ्यांमागे रानभर पळते. डाग काही गेला नाही. पारूबाई रोज सकाळी त्यावर मोठं कुंकू रेखते. तरी ओठांच्या कडा बाहेर दिसतातच.