आडोशाला इतके शब्द

शिवदास पहिल्यांदा ऑफिसात आला तो चुकीच्या दारातून. त्याला स्टोअरमधून दोर हवा होता, आणि समोर टाइपरायटरवर मथुरा बसलेली. तो वळला, थांबला, खिशातून हवामानाचा ओलसर कागद काढून त्याने टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे 'ली' म्हणजे काय?"

"आडोसा. वारा लागत नाही ती बाजू."

"मग आडोसाच म्हणायचं ना यांनी..."

मथुराला हसू आलं, पण तिने ते टाइपरायटरच्या रिबनकडे बघत गिळलं.

१९७९ साल होतं. आखातातल्या मीना सलमान बंदरातल्या त्या लाँच कंपनीत लाँच चालवणारे बहुतेक सारंग कोकणातले. मथुराचे वडील रावजी तिथेच बस चालवायचे. मथुरा टायपिंग करायची, आणि सकाळ-संध्याकाळ वायरलेसवर लाँचींची हजेरीही घ्यायची. लाँचींना नंबर होते, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसत. म्हणून ती सारंगांची नावंच पुकारायची. सगळे तिला ताई म्हणत. एकटा शिवदास मॅडम म्हणायचा, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.

सारंगाच्या पक्क्या लायसन्ससाठी इंग्रजीत तोंडी परीक्षा होती. तो जेवणाच्या सुट्टीत शब्द विचारायला येऊ लागला. हार्बर म्हणजे बंदर, हे त्याला ठाऊकच होतं. कोव्ह म्हणजे किनाऱ्यातली लहानशी वाकण, इनलेट म्हणजे पाणी आत घुसतं तो अरुंद फाटा, क्रीक म्हणजे आपली खाडी. देवगडची खाडी आठवून तो सगळं चटकन पकडायचा. हेवनपाशी मात्र अडला.

"जिथे शिरल्यावर जीव निवांत होतो ती जागा," मथुरा म्हणाली.

"जागाच पाहिजे? माणूस चालणार नाही?"

"डिक्शनरीत बघावं लागेल."

"बघा की. मी थांबतो."

तिने डिक्शनरी उघडलीच नाही. कान मात्र तापले होते.

परीक्षा तो पास झाला. त्या दिवशी मुहर्रकच्या बाजारातून गरम हलवा घेऊन आला, डबा टेबलावर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "तुमच्या बाबांना भेटायला येऊ का?"

मथुराने डबा बाजूला सरकवला. तिचा एक मामा हर्णैहून होडी घेऊन गेला तो परत आला नव्हता, आणि आई तेव्हापासून समुद्राकडे पाठ करून बसायची. दर्यावर पोट असलेल्याशी लग्न करायचं नाही, हे मथुराने फार पूर्वीच ठरवलं होतं. तेच तिने सांगितलं. तो "बरं" म्हणाला. डबा तिथेच राहिला. त्यानंतर तो सुट्टीत यायचा बंद झाला. हजेरीला तेवढा त्याचा आवाज यायचा... कामापुरता.

मार्चमध्ये भर दुपारी शमाल सुटला. वायव्येचा वारा, पिवळी धूळ, समोरचा धक्का दिसेना. सगळ्या लाँची जहाजांपाशी गेलेल्या. मथुराने वायरलेसचं बटण दाबलं.

"लतीफ चाचा?"

दाभोळचे म्हातारे लतीफ चाचा धक्क्याला लागले होते. नझीरही आत आला होता. पुढचं नाव शिवदासचं. वर्षभर दिवसातून दोनदा घेतलेलं नाव... आणि आज ते तिच्या ओठांवर येईना. बटण दाबलेलंच होतं. सगळ्या लाँचींवर तिचा श्वास ऐकू जात होता.

"आणि... हे? हे कुठे आहेत?"

हर्णैपासून देवगडापर्यंत नाव न घेता 'हे' कोणाला म्हणतात, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मथुरालाही ते उच्चारल्यावरच कळलं.

लतीफ चाचांनी घसा खाकरला. "हे कोण, पोरी? नाव घे. नावाशिवाय हजेरी लागत नाही."

"चाचा, थट्टा नको. विचारा ना त्यांना."

खरखर झाली. मग वाऱ्यातून तुटत तुटत आवाज आला.

"सितरा बेटाच्या आडोशाला आहे. नांगर टाकलाय. माणसं ठीक आहेत."

मथुराने डोळे मिटले.

"मॅडम," तो म्हणाला, "आता ऐकलं ते... बरोबर ऐकलं ना मी?"

बंदरातली प्रत्येक लाँच कान देऊन होती. तिने पुन्हा बटण दाबलं.

"बाबा शुक्रवारी घरी असतात."