केरानाच्या सावलीचं माप

हे माझ्या आईच्या बाबतीत घडलं. तिनं आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. शेवटचा भाग तर मी या डोळ्यांनी पाहिलाय. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

रोडोपीच्या डोंगरातलं ओरेशिना गाव. तंबाखू तोडणीचे दिवस. आई तेव्हा विशीतली पोर होती. नाव केराना.

आईबाप लवकर गेलेले. थोरल्या भावानं, डोब्रीनं, तिला वाढवलं. स्वतः अर्धपोटी राहून तिला भरवलं. हे ती शेवटपर्यंत कबूल करायची...

त्यामुळेच सगळं जास्त लागलं.

डोब्री नदीकाठी नवं घर बांधत होता. बायको सेव्दा पोटुशी होती. बाळ नव्या घरातच जन्मावं, असं त्यानं मनात घेतलेलं. पण नदीकडची भिंत टिकेना. उभी केली की ढासळायची.

मग एके दिवशी तो केरानाला म्हणाला, उद्या भाकरी तूच घेऊन ये. ऊन डोंगरावर आलं रे आलं की निघ.

ती आनंदानं गेली. एरवी तिला कुणी बांधकामावर फिरकू देत नसे.

गवंडी आंगेल भिंतीच्या पायापाशी बसला होता. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"केराने, जरा सूर्याकडे तोंड करून उभी राहा," डोब्री म्हणाला. "समोरचा कोपरा सरळ दिसतोय का, सांग."

ती उभी राहिली. कोवळं ऊन थेट डोळ्यांत.

मागे काहीतरी सरसरलं... गवतातून दोरी ओढल्यासारखं.

ती वळणार, तोच डोब्रीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हलू नकोस, पोरी."

दादाचाच हात. ती हलली नाही.

त्यानंतर भिंत पडली नाही.

काही दिवसांनी, भर दुपारी, बाया शेतात जेवायला बसल्या. सूर्य डोक्यावर. सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या.

केरानाची मात्र...

तंबाखूच्या सरींवरून लांबच लांब गेलेली. सकाळी असते तेवढी. नदीच्या दिशेनं.

शेजारची त्साना काहीतरी सांगून हसत होती. तिची नजर खाली गेली. हसणं तिथंच थांबलं. तिनं आपली भाकरी उचलली आणि लांब जाऊन बसली.



त्या संध्याकाळी केरानानं दिवा लावला आणि भिंतीपुढे उभी राहिली. हातातला पेला दिव्याजवळ नेला. पेल्याची सावली फुगत गेली, घागरीएवढी झाली. लांब नेला, लहान झाली. जशी व्हायला हवी तशी.

मग ती स्वतः दिव्याजवळ सरकली.

तिची सावली वाढली नाही.

मागे सरकली. घटलीही नाही...

पुढे अंगात थंडी भरली. चुलीपुढे बसूनही जाईना. पाण्याची बादली उचलवेना. सेव्दा तिच्या ताटात जास्तीचं दही वाढू लागली. नजर मात्र देईना.

शेवटी केराना आंगेलच्या घरी गेली. त्यानं आधी टाळलं, मग खाली मान घालून सांगितलं. भिंत टिकत नसली की जुने गवंडी माणसाच्या सावलीचं माप दोरीनं घेतात आणि ती दोरी भिंतीच्या पायात पुरतात. सकाळचंच घेतात. उन्हं तिरपी, सावली लांब. दुपारच्या आखूड सावलीवर उंच भिंत उभी राहत नाही म्हणे. माणूस महिना-सव्वा महिन्यात झिजून मरतो, आणि मग सावली होऊन घर राखत बसतो.

"मी म्हटलं होतं त्याला, एखादा वाटसरू येईल, थांबू," आंगेल म्हणाला. "तुझं नाव त्यानंच दिलं."

दोरी काढ, ती म्हणाली. तो म्हणाला, दगड हलला तर भिंत येईल खाली. आणि डोब्री, सेव्दा आता आतच राहतात.

ती त्या नव्या घरी आली. डोब्री अंगणात बाळासाठी पाळणा तासत होता. तिनं एवढंच विचारलं, की मीच का.

तो तासतच राहिला.

"सेव्दाची देऊ? पोटात पोर आहे तिच्या." मग हळूच म्हणाला, "तू काय, आज ना उद्या परक्या घरी जाणारच होतीस."

आई म्हणाली, मरायची भीती तेव्हा गेलीच. ते वाक्य तेवढं राहिलं.

तिनं शाल घेतली आणि डोंगराची वाट धरली. कुणी हाक मारली नाही. डोंगराच्या धारेवर पोचली, तशी अंगातली थंडी उतरली. तिनं खाली पाहिलं...

सावलीच नव्हती.

आई जगली. पलीकडच्या गावात लग्न केलं, आम्हाला वाढवलं. लग्नाच्या फोटोत वडिलांची सावली भिंतीवर स्वच्छ दिसते. शेजारी आई. तिच्यामागे कोरी भिंत. आम्ही मुलं त्याबद्दल कधी विचारत नसू.

ती म्हातारी होऊन गेली. मामाला सांगायला मी ओरेशिनाला गेलो. सेव्दामामी नव्हती, मुलं शहरात. डोब्रीमामा एकटाच.

दिवस ढगाळ होता. कशाचीच सावली पडत नव्हती.

पण आत, चुन्यानं रंगवलेल्या नदीकडच्या भिंतीवर...

एका तरुण पोरीची सावली होती. हातात भाकरीचं गाठोडं.

खोलीत आम्ही दोघंच.

मामानं दिवा लावला. मी दिव्यापाशी गेलो, माझी सावली छतापर्यंत चढली. भिंतीवरची ती होती तेवढीच राहिली.

मी म्हटलं, मामा, आई गेली.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडून त्या सावलीपुढे ठेवला, रोजच्यासारखा.

"कुठं गेली?" तो म्हणाला. "ही काय. ही कधी रागावली नाही माझ्यावर. सोडून गेली ती दुसरीच कुणीतरी."

मी भिंतीकडे पाहिलं. सावलीला रागवायला तोंडच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मामा गेला. त्याच्या मुलांनी आता घर विकायला काढलंय. घेणारा म्हणतो, नदीकडची भिंत आधी पाडणार. त्यांनी मला निरोप धाडला, दादा, तुमची काही हरकत?

आंगेल कधीच गेला. भिंत पडली तर ती सावली सुटेल, की आईचं उरलंसुरलंही संपेल... हे आता विचारायचं कुणाला?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.