चाल कुणाची?

वरात अडवायची नसते, हे काय मला कळत नव्हतं? पण कापूस वेचता वेचता मी रचलेली, फक्त माझ्या गळ्यातली चाल एक बँडवाला भर वालूरच्या बाजारात वाजवत होता! नवरदेव घोड्यावर, ऊन डोक्यावर... आणि मी सरळ त्या क्लॅरिनेटवाल्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ओ बाजावाले! ही चाल कुठून आणली?"

त्यानं वाद्य ओठांवरून काढलं, माझ्याकडं बघितलं... आणि चक्क हसला.

"तुझ्याच रानातून. सेलूहून सायकलवर येत होतो. तू गायलीस — आन् साखळी पडल्याचं सोंग करून मी अर्धा घंटा थांबलो."

"चोरून ऐकलं, वर सांगता बी?"

"चोरी बी अर्धीच झाली. शेवट वाऱ्यानं नेला. तेवढा शिकव की!"

वरातीतल्या बाया खिदळल्या. माझे कान तापले. चोर तो चोर, वर शिरजोर!

त्याचं नाव वैजीनाथ. निजामाच्या पलटणीच्या बँडात होता. राज्य गेलं, पलटण मोडली, आणि तो सेलूत लग्नं वाजवू लागला. आमच्याच सोयऱ्यातला निघाला, म्हणून माझ्या वडिलांनी, सटवाजी आबांनी, त्याला बांधावर बसू दिलं. मी वेचत वेचत शेवट गायचे, तो वाजवायचा. पण मेला दर वेळी वेगळंच!

"अवो, चाल मोडायलाव तुमी!"

"मोडत न्हाई, खेळवायलोय. हैदराबादेत गोव्याचे एक मास्तर होते, विलायती जॅझ वाजवायचे. म्हणायचे, चाल तीच ठेव, पण कालच्यासारखी आज वाजवू नको." मग हळूच म्हणाला, "तुला बी रोज बघतो, कस्तुरा... कालच्यासारखी कधीच दिसत न्हाईस."

"गुमान बसा," मी म्हटलं, आणि रिकाम्याच बोंडात बोटं घालत राहिले.

पौषात हैदराबादच्या एका कंपनीनं त्याला ग्रामोफोनची तबकडी भरायला बोलावलं. चौथ्या दिवशी तो तोंड पाडून परत बांधावर!

"झाली तबकडी?"

"न्हाई. साहेब म्हणाले, चाल कुणाची म्हणून छापू? तुझं नाव सांगावं, तर तू बिनलग्नाची... लोकं काय बोलतील? तुला न विचारता कसं सांगू? मग म्हणाले, तुमचंच छापतो. ते मला जमंना. उठून आलो."

जन्मात माझं म्हणावं असं माझ्याकडं तेवढंच होतं, आणि ते घ्यायचं नाही म्हणून हा माणूस चालून आलेली तबकडी सोडून आला होता. मला रडू आलं. त्याहून लय अभिमान वाटला, त्याचाही आणि माझाही.

"जा माघारी. लोकं बोलू द्या. माझं नाव छापा म्हणावं."

"सांगतो. पण... पूर्ण नाव लागतंय." तो उगाच क्लॅरिनेटच्या कळा दाबत राहिला. "कस्तुरा — पुढं कुणाचं लावू? सटवाजीचं... का वैजीनाथचं?"

घ्या! कापसाच्या गाठोड्याशेजारी अशी मागणी कुणी घालतं का? आतून जीव नुसता नाचत होता. पण मी मान ताठ ठेवली.

"आबांचं लावा. चाल माहेरात झाली, तिला माहेरचंच नाव."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आन् माझं?"

"तुमचं मी घेईन की," पदर सावरत मी म्हटलं, "मांडवात, सगळ्या वालूरसमोर... उखाण्यात!"