पहारेकरी गाठ

नळदुर्गला हायवेवर शरणबसप्पांचा ढाबा. त्यांच्या उजव्या टाचेवर काळा डाग उठला, तेव्हा डांबर लागलं असंल म्हणून त्यांनी तो आधी रॉकेलनं घासला, मग विटेच्या तुकड्यानं. डाग जायचा सोडून पसरायला लागला. शेवटी बायकोनं, गंगम्मानं, त्यांना एका ओळखीच्या ट्रकमध्ये बसवलं आणि धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. गंगम्माचा देवाधर्मावर विश्वास बेताचा, नवऱ्यावर त्याहून बेताचा.

डागाचा तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टर शंतनू म्हणाले, "काका, हा कातडीचा कॅन्सर आहे. टाचेचा तेवढा भाग काढून टाकू. पण तो वर सरकलाय का, ते बघावं लागेल. टाचेतून निघालेला आजार बहुतेकदा आधी जांघेतल्या एका गाठीत अडतो. तिला आम्ही पहारेकरी गाठ म्हणतो. टाचेत निळं औषध टोचायचं, जी गाठ आधी निळी होईल ती काढून तपासायची. ती साफ निघाली तर पुढच्याही बहुतेक साफ."

"आन् पहारेकरी झोपला असला तर?" शरणबसप्पांनी विचारलं. ढाब्यावरचा त्यांचा राखणदार नेमानं झोपायचा.

"थोड्या जणांत तसंही होतं," डॉक्टर म्हणाले. "पण तपासणी भरवशाची आहे."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा गंगम्मा बाहेर बाकड्यावर बसली होती. तिनं शेंगाची चटणी-भाकरी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायली, बाथरूमला जाऊन आली आणि सरळ नर्सपुढं उभी राहिली.

"बाई, संडासात फिनेल कुठलं टाकता?"

"पांढरं. का बरं?"

"न्हाय, निळं दिसलं."

पुढच्या खेपेला तिनं आधी बादलीभर पाणी ओतून भांडं लख्ख केलं. ते तिच्यादेखत पुन्हा निळं झालं. आता फिनेलवर आळ घेता येईना.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "मावशी, टाचेचं काम नीट झालं. पण गाठ सापडली नाही. निळी रेघ गुडघ्यापर्यंत चढली आणि तिथंच संपली. जांघेत कसलाच रंग नाही."

गंगम्मानं लुगड्यावरनं जांघ दाबली. तिची उजवी जांघ मघापासून ठणकत होती.

वॉर्डात शरणबसप्पांच्या लघवीची पिशवी पिवळीधमक होती. "निळी-हिरवी यायला पाहिजे होती," नर्स पुटपुटली. गंगम्मानं तिचा हात धरून तिला पडद्यामागं नेलं.

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. गंगम्माच्या जांघेत, कातडीखाली, बोराएवढी निळी गाठ होती.

"मावशी, तुम्ही ते औषध हाताळलं का कुठं?"

"म्या भाकरी हाताळली."

पडद्यापलीकडून शरणबसप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, माझ्यावर पहारा लगीन झाल्यापासून हिचाच हाय. तुमी उगी माझ्या जांघेत धुंडत बसलाव."

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले, आणि हातमोजे न काढताच चहा प्यायला गेले.

नंतर त्यांनी भिंग लावून गंगम्माच्या अंगावरचा तीळ न् तीळ तपासला. वावगं काही निघालं नाही. मग गाठ काढली आणि तपासायला पाठवली.

रिपोर्ट आला तेव्हा दोघं नवराबायको समोर बसले होते. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"गाठीत आजार आहे."

"कुणाचा?" गंगम्मानं विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा करून मागची बाजू बघितली.

"मग आता?" शरणबसप्पांनी विचारलं.

"आता पुढच्या गाठी बघायच्या. आजार तिथून पुढं कुठं गेला ते."

"माझ्यातनं पुढं?"

गंगम्माचा मोबाइल वाजला. तुळजापूरला दिलेली लेक, शिवलीला, बोलत होती.

"आई, कामात हाईस का? आरोहीला न्हाऊ घालायलेय. पोरीच्या जांघेत कशाचा तरी निळा रंग लागलाय बघ. दोनदा साबण लावला, निघंना."

मागं नात बादलीतलं पाणी उडवत खिदळत होती.