बदलीचा माणूस

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगायचंय, की जिच्यावर हे गुदरलं ती बुरुल माझी सख्खी मावशी. ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली.

त्याचीच ही हकिकत.

आणि हे रात्री-बेरात्रीचं नाही. भर दिवसा घडलेलं आहे. सोळा जानेवारी ते एकोणीस जानेवारी. जागा कोक-जार, पामीरच्या पठारावर, मुरगाबपासून गाडीने तीन तास. वस्ती वीस-बावीस घरांची. वर्ष मुद्दाम सांगत नाही.

मावशीचा नवरा साबिरबेक. मी त्याला काका म्हणते. तीस वर्षं त्याने घाटातून ट्रक चालवले आणि शेवटी छाती गमावून बसला. खाली ओश शहरातल्या डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन ओढणारं एक यंत्र दिलं आणि बजावलं, हिवाळ्याआधी याला उंचावरून खाली आणा. पण त्या साली नोव्हेंबरातच ओशकडे उतरणारा घाट बर्फाने बंद झाला.

यंत्र विजेवर चालायचं. कोक-जारमध्ये वीज नाही. घरातला छोटा जनरेटर डिसेंबरात जळाला.

काकाचे ओठ निळे पडायला लागले.

मावशीने दोन दुभत्या याक दिल्या आणि लष्करातून निघालेला एक डिझेल जनरेटर घेतला. दोन चाकांचा गाडा, हिरवा रंग, बाजूला पांढरे रशियन आकडे. विकणारा खुदोयोर. सरहद्दीवरचं ठाणं बंद पडलं तेव्हा तिथला टाकाऊ माल त्यानेच उचलला होता. तरुणपणी त्याच ठाण्यावर तो स्वयंपाकी होता.

काकाचा धाकटा भाऊ जपार म्हणाला, चालू करून दाखव.

खुदोयोर गाडीतून उतरलासुद्धा नाही. "चालतं ते," म्हणाला. "चालायची काळजी करू नका." आणि चहा न घेता निघून गेला.

आमच्याकडे चहा न घेता कोणी जात नाही.

"वहिनी, याक न्यायला लाजला नाही, चहाला लाजला," जपार म्हणाला. "यात नक्की काहीतरी खोट आहे."

खोट नव्हती. घरापासून तीस पावलांवरच्या शेडमध्ये त्याने गाडा ढकलला. ऑइलच्या चेंबरखाली अर्धा तास ब्लो लॅम्प धरला, डिझेल गोठू नये म्हणून त्यात रॉकेल मिसळलं, आणि दोघांनी मिळून हँडल मारलं. हँडल इतकं जड की एकट्यादुकट्याचं कामच नव्हतं. इंजिन दोनदा खोकलं. मग लागलं.

घरात काकाच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र गुणगुणायला लागलं. मावशी चुलीकडे तोंड करून रडली.

मग रोजचा क्रमच ठरला. दिवसभर जनरेटर चालायचा, घरातल्या बॅटऱ्या भरायच्या, रात्र त्यांच्यावर निघायची. संध्याकाळी इंजिन बंद केलं की रेडिएटरमधलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकायचं. राहिलं तर गोठून इंजिन फुटणार. सकाळी परत गरम पाणी भरायचं. हे काम जपारचं.

सहाव्या संध्याकाळी मावशीने इंजिन बंद केलं. जपार आला नाही. थोडी वाट पाहून ती स्वतःच बादली घेऊन गेली.

रेडिएटर रिकामा होता...

खाली तोटीपाशी सांडलेल्या पाण्याचा ताजा गोठलेला गोळा जमला होता.

जपार आला असणार, तिला वाटलं. सकाळी तिने विचारलं तर तो म्हणाला, काल मी इकडे फिरकलोच नाही, पाठ धरली होती. मग तिला आठवलं. काल दुपारपासून बर्फ पडत होतं. घर ते शेड, पावलं फक्त तिचीच होती.

नंतर एकदा डिझेलचा फिल्टर धुतलेला मिळाला. एकदा सगळे नट आवळलेले. एकदा फळीवरचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले.

"वहिनी, हे यंत्राचं वेड बरं नाही हं," जपार हसला.

कुठला पाना कशाचा, हेही मावशीला कळत नव्हतं.

पंधरा तारखेला डिझेल संपत आलं. जपार ते आणायला मुरगाबला गेला.

सोळाला पहाटे वादळ सुटलं.

बाहेर हात पुढे केला तर हात दिसेना. दाराच्या कडीला दोर बांधून, तो धरत धरत ती शेडपर्यंत पोचली. चेंबर तापवला. पाणी भरलं. उरलेला एकच डबा टाकीत ओतला. स्टार्टरची बॅटरी थंडीने मेली होती. राहिलं हँडल.

तिने जोर लावला. अर्धा फेरा. परत लावला. तिसऱ्या वेळी हँडल उलटं फिरलं आणि तिच्या मनगटावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला.

घरातल्या बॅटऱ्या तासाभराच्या होत्या. शेजाऱ्याचं घर दीडशे पावलांवर, पण दोर तिथवर पुरत नव्हता. हाका वाऱ्यात विरत होत्या.

ती तिथेच खाली बसली. कोणाला म्हणतेय हे न कळता म्हणाली, "कोणीतरी या रे. हात लावा."

आणि गाड्यामागून... कोणीतरी खोकलं.

जड, बसका खोकला. वयस्क माणसाचा.

"बाजूला हो," आवाज आला. रशियन भाषेत.

ती सरकली. हँडल फिरलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की गाडा हलला.

हँडलवर हात नव्हता.

इंजिन लागलं. शेड धुराने भरली. त्या धडधडीत, तिच्या अगदी जवळून, तोच आवाज थकून विचारत होता,

"बदली आली का?"

मावशीचा बाप ठाण्यावर कोळसा पोचवायचा. बदली म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून माहीत होतं. एकाची पाळी संपली की त्याला सोडवायला येणारा दुसरा माणूस.

ती पळाली असती. कोणीही पळालं असतं. पण तीस पावलांवर तिचा माणूस श्वास मोजत पडला होता.

"येतोय," ती म्हणाली. "वादळात अडकलाय. तू थांब."

मग पाना लोखंडावर टेकवल्याचा आवाज. टक... टक...

तो थांबला.

त्या दिवसापासून इंजिन रात्रंदिवस चालूच राहिलं. ती सकाळी यायची, मोडका हात फडक्यात बांधून, दोर धरून. सतराला त्याने परत विचारलं. तिने परत सांगितलं, येतोय. अठराला आवाज खाली गेला होता. जमिनीजवळून यावा तसा.

"पाय कळत नाहीत," तो म्हणाला.

तिने घरी जाऊन चहा आणि रोटी आणली, उंबऱ्यापाशी ठेवली. तिच्या डोळ्यांदेखत चहावर बर्फाची साय धरली. रोटीला कोणी हात लावला नाही.

"बदली आली का?"

मावशी मला म्हणाली, त्या क्षणी मी त्याला जा म्हणू शकले असते. तुझी ड्यूटी संपली बाबा, जा. एवढंच ऐकायला तो थांबला होता. पण तो गेला की इंजिन बंद पडणार, हे मला आतून कळत होतं.

"आज येईल," ती म्हणाली. "नक्की येईल."

एकोणीसला त्याने विचारलंच नाही.

ती पाऊण तास उभी राहिली. इंजिन चालू होतं. खोकला नाही. पान्याचा आवाज नाही. तिने स्वतःहून हाक मारली, "अहो..."

काहीच नाही. नुसती धडधड.

दुपारी ढग पांगले आणि ऊन पडलं. जपार मोठा ट्रक, एक डॉक्टर आणि डिझेलचे डबे घेऊन पोचला. घाट दोन दिवसांसाठी मोकळा करत होते, काकाला लगेच हलवायचं ठरलं. ट्रक लावेपर्यंत इंजिन चालू राहावं म्हणून जपार डबा घेऊन शेडमध्ये गेला. टाकीचं झाकण काढून त्याने आत काठी घातली.

काठी कोरडी निघाली.

"वहिनी, टाकीत शेवटचं डिझेल कधी टाकलंस?"

"सोळाला."

एक डबा फार तर सतराच्या सकाळपर्यंत पुरतो. जपार तिच्याकडे बघत राहिला. आणि झाकण त्याच्या हातात असतानाच... इंजिन थांबलं.

पुढे जपार कधीच त्यावरून हसला नाही.

काका वाचला. ओशला आणखी चार वर्षं जगला, नातवंडं बघितली. मावशी कोक-जारला परत गेली नाही.

वसंतात जपार खुदोयोरला गाठायला गेला. भांडायलाच गेला होता. खुदोयोरने या वेळी चहा पाजला आणि खाली मान घालून सांगितलं. ठाण्यावर जनरेटर सांभाळणारा एक मेकॅनिक होता. एका वादळात त्याला सोडवायला कोणी गेलंच नाही. दिवे चालू होते ना. चार दिवस सगळ्या ठाण्यात दिवे लख्ख, मग काळजी कोण करणार?

पाचव्या दिवशी जनरेटरच्या खोलीचं दार फोडलं.

"डॉक्टर म्हणाला, हा पहिल्याच दिवशी गेलाय," खुदोयोर म्हणाला. "आणि आम्ही चारही दिवस त्या उजेडात जेवलो."

हे कळल्यावर मावशी ओशच्या मशिदीत गेली. मोल्लाला म्हणाली, एका माणसासाठी दुवा मागायचीय. तो कोणत्या धर्माचा होता तेही मला ठाऊक नाही, पण मागा. मोल्ला भला माणूस. हात उचलत त्याने साधं विचारलं, नाव काय त्याचं?

मावशीला ते माहीत नव्हतं.

खुदोयोरलाही नाव आठवत नव्हतं. सगळे मेकॅनिकच म्हणायचे. मोल्ला म्हणाला, हरकत नाही, अल्लाला ठाऊक असतं.

"त्याला असेल," मावशी मला म्हणाली. "पण तीन दिवस मी त्याच्याशी बोलले गं. त्याने हँडल मारलं, मी थांब म्हटलं. नाव विचारावंसं एकदाही वाटलं नाही मला."

गेल्या हिवाळ्यात जपारचा फोन आला. जनरेटर तिथेच आहे. कोणी विकत घेत नाही, पुन्हा कोणाच्या हातून तो चालूही झाला नाही. शेड छपरापर्यंत बर्फात गाडली गेलीय.

"फक्त छपराबाहेर आलेल्या धुराड्याच्या तोंडाशी बर्फ साचत नाही, वहिनी," तो म्हणाला. "रोज बघतो. काळी, ओली जागा."

मावशीने त्याला सांगितलं, धुराड्यापाशी जा आणि त्याचं नाव विचार.

"तू ये," जपार म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलाय तो."

घाट मे महिन्यात मोकळा झाला. मावशीने बोचकं बांधलं, आणि चार दिवसांनी सोडून ठेवलं. हे लिहितेय तेव्हा ऑक्टोबर सरत आलाय. थोड्याच दिवसांत घाट पुन्हा बंद होईल.

मी अजून तिला चल म्हटलेलं नाही.