शेजारच्या सीटवरचा माणूस

शेवटच्या साध्या दिवशी सकाळी बाबा बाहेरून गाडी पुसत होते आणि आई स्टिअरिंगमागे बसून आतून काच. एकच काच, किती वेळ. "घासून पातळ करतेस का आता?" बाबा म्हणाले आणि दोघंही उगाच हसली. मुलगी कामावर निघून गेली.

संध्याकाळी बाबा गेले.

इस्पितळाजवळच्या चढावर गाडी बंद पडलेली, दिवे उघडझाप करणारे, किल्ली जागेवर. बाबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावलेले. कुणीतरी इस्पितळाची घंटा दाबून ठेवली होती. माणसं धावली, तोवर ते कुणीतरी नाहीसं झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मुलीला त्याबद्दल शंका नव्हती. बाबांना टाकून पळालं कोण, एवढंच तिला हवं होतं. त्या माणसाला जन्मात माफ करणार नाही, असं ती आईसमोरही बोलली होती.

ती शेजारच्या अण्णांकडे गेली; त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातांचा तपास करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांनी गाडी पाहिली. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली. क्लच जळालेला, मेकॅनिकच्या मते गाडी सगळा रस्ता पहिल्याच गिअरमध्ये आली होती.

मग माणसं. बाबांचा बेकरीतला मित्र ताडमाड. त्या सीटवर त्याचे गुडघेच मावले नसते. काका ठेंगणे, पण सारं आयुष्य ट्रकवर काढलेले. ते कुरकुरले की भाऊ त्यांना चाकाला हात लावू देत नसे, कागदावर माझंच नाव आहे म्हणे. आणि अलीकडे अंधार पडायच्या आत घर गाठायचा.

"हप्ता थकला असेल," अण्णांचे स्नेही वकील म्हणाले. "हप्त्यावर गाडी देणाऱ्या संस्थेची माणसं ती ओढून न्यायला आली असणार."

"आणि किल्लीसकट सोडून गेली? वकीलसाहेब, तुमच्या अशिलांची मला काळजी वाटते."

संस्थेचे साहेब तर गहिवरले होते. कष्टकऱ्यांना परवडेल अशा हप्त्यात ते गाडी देत. पहाटेच्या पाळीला बस नसे. गाडी आली म्हणून या घरातल्या दोघांच्या नोकऱ्या टिकल्या होत्या.

अण्णांनी सगळ्यांना मुलीच्याच घरी बसवलं.

"चालवणारं माणूस बुटकं," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि नवशिकं. पहिल्या गिअरपुढे न गेलेलं. बाबांना अंधारात दिसेनासं झालं होतं. म्हणून त्यांना कुणाला तरी चालवायला शिकवायचं होतं, पण सख्ख्या भावालाही जे चाक दिलं नाही, ते त्यांनी कुणाच्या हाती दिलं असतं? सकाळी त्या सीटवर कोण बसलं होतं?"

मुलीनं आईकडे पाहिलं.

"मी घंटा वाजवून परत आले," आई म्हणाली. "ते म्हणाले, तू जा. कागदावर तुझं नाव नाही, गाडी काढून घेतील. मी चालवत होतो म्हणून सांगतो. बोलत होते गं ते. मला वाटलं, वाचले. म्हणून गेले."

साहेबांनी मान खाली घातली. "परवाना काढला की घरातलं कुणीही चालवू शकतं, वहिनी. नुसतं येऊन विचारायचं होतं."

पण ही आजवर प्रत्येक दारातून परत पाठवलेली माणसं. एका दारानं आत घेतलं, तिथे पुन्हा जाऊन प्रश्न विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

मुलगी उठली. इतके दिवस ती सगळ्यांना 'माझे बाबा' म्हणत आली होती. ती आईजवळ खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "तुझं माणूस गेलं गं. रड आता."